पाच नंबरचं गाणं

३ ऑक्टोबर, शुक्रवार

अकराशे बारा जणांनी ऐकलं! अकराशे बारा! जस्मीननं दुकानात येऊन फोनच पुढे धरला. माझ्या भावाची पोर, पुण्याला कॉलेजात आहे, तिला सगळं आधी कळतं. माझ्या मतीनच्या बँडचा अल्बम निघालाय. नाव ‘बुडीत’. महिना झाला म्हणे. मला कोण सांगणार?

जानेवारीत भांडण झालं, तेव्हापासून पोरगं शुक्रवारी नमाजनंतर अब्बांना फोन करतं. ‘अम्मीला सलाम सांगा.’ बस्स! मीही फोन मागून घेत नाही. अडलंय माझं खेटर.

हिंजवडीची नोकरी सोडली, महाळुंग्याला खोली घेतली, दिवसभर गिटार — मग बोलणारच ना आई? पण मी नको ते बोलले. ‘कोण ऐकणार हे?’ ताट वाढायच्या आधीच तो उठला. जिन्यात पावलं वाजली तेव्हा म्हटलं, ‘जेवून तरी जा रे, मतीन.’ पण मशीनजवळ बसून, तोंडातल्या तोंडात. त्याला कुठलं ऐकू जाणार! नऊ महिने झाले, ते वाक्य घशात अडकून बसलंय.

आता कोण ऐकतंय ते मला बघायचंच आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

ऐकलं. दोन मिनिटं. या अल्लाह! पत्रे ओढल्यासारखा आवाज आणि वर एक जण ओरडतोय. ओरडणारा आपला नाही, शंभू म्हणून कोणी आहे. आपला गिटार वाजवतो. शब्द मराठी आहेत म्हणे! मला एकही सापडला नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

गाण्यापेक्षा खाली लोकांनी लिहिलेली मतं भारी आहेत. जस्मीननं भाषांतराचं बटण दाखवलं. फिनलंडचा एक जण लिहितो, ‘या अल्बमने माझा चेहरा वितळवला.’ मी घाबरलेच! जस्मीन म्हणते, ‘फुफी, तारीफ आहे ती.’ असेल बाई.

गुवाहाटीचा एक शहाणा म्हणतो, तिसरं गाणं उगाच लांबवलंय, चार मिनिटं कापा. असा राग आला! माझ्या पोराचं कापणारा तू कोण? (मी स्वतः दोन मिनिटांत बंद केलं होतं, ते नंतर आठवलं.)

मराठी पोरं मत देतच नाहीत. नुसतं ‘भावा, नाद खुळा!’ आणि पुढे पळतात.

पण चिली देशातली एक बाई आहे. तिनं लिहिलंय — ‘गिटारवाला रागात आहे, पण घाईत नाही.’ हे मी तीनदा वाचलं. लहानपणी मतीन असाच रुसायचा. शर्टाचं एकेक बटण नीट लावायचा आणि मग घराबाहेर पडायचा. मी बघत बसायचे. त्या बाईनं त्याला कधी पाहिलंही नाही. तिला कळतं, आणि मी नऊ महिने तोंड फुगवून बसलेय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

माले गावच्या साळूबाई दिवाळीचे ब्लाऊज टाकायला आल्या. त्यांनाही पहिलं गाणं ऐकवलं. मान खाली घालून नीट ऐकलं त्यांनी, पाचही मिनिटं.

‘लई तापलंय वो पोरगं,’ म्हणाल्या. ‘पर मोजून तापलंय. बगा की, सात झालं की परत पयलं येतंय.’

कटिंगच्या टेबलावर बोटांनी मोजलं. खरंच सात! गाणी चारात असतात, सहात असतात, एवढं मलाही कळतं. हा सात कुठून आणला यानं?

खालच्या काउंटरवर मतीनचे अब्बा बटणं-लेस विकतात. ते जिन्यातून ओरडले, ‘यात गाणं कुठं आहे?’ साळूबाई म्हणाल्या, ‘येतंय, येतंय, दम धरा!’ मी इतकी हसले की सुई बोटात गेली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सगळी दुनिया पाच नंबरच्या गाण्यावर भांडतेय. अकरा मिनिटांचं आहे, शब्द नाहीत. मागं नुसती टकटक. कोणी म्हणतं छापखाना, कोणी म्हणतं घोडा. फिनलंडवाला म्हणतो धरणाच्या दारातून ठिबकणारं पाणी. आणि अगदी शेवटी एक बाई हळूच काहीतरी बोलते म्हणे. ‘सोडून जाणाऱ्या प्रेयसीचा निरोप’ — इति गुवाहाटी.

बाई? कोण बाई? त्यांच्यात ड्रम वाजवणारी किमया आहे, तीच असणार! म्हणून घरी यायला नको याला! जस्मीनला खोदून खोदून विचारलं. गालात हसते. ‘तुम्हीच ऐका ना, फुफी.’

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी फोन कानाला लावला आणि अकराच्या अकरा मिनिटं ऐकली. बाई काही ऐकू आली नाही.

पण ती टकटक! घोडा कसला आणि छापखाना कसला — माझं मशीन आहे ते! वरच्या खोलीतलं, पायाचं. त्याच्या कातडी पट्ट्याला जोड आहे. जोड चाकावर आला की खट्ट वाजतं. सात टाके, खट्ट. सात टाके, खट्ट. तीस वर्षं ऐकतेय मी. पाळणा त्याच मशीनशेजारी होता त्याचा.

सात कुठून आणला म्हणे!

जानेवारीत आला होता तेव्हा आपणहून म्हणाला होता, ‘अम्मी, मशीनला तेल घालतो.’ एक काळी डबी मशीनवर ठेवली होती. मला वाटलं चार्जर असेल. भांडणात ती तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी जस्मीननं त्याला नेऊन दिली. आवाज भरून घ्यायची डबी होती ती! चोर कुठला!

रडू आलं, आणि लगेच रागही आला. कारण खाली कापड नाही! टाक्यांचा आवाज कोरडा येतोय. रिकामं मशीन चालवलंय गाढवानं. कापड पुढे सरकवणारे दाते झिजतात रिकाम्यानं, हे त्याला चालता येत नव्हतं तेव्हापासून सांगतेय.

जस्मीनला म्हटलं, लिही माझं मत. नाव काय टाकू, म्हणाली. टाक — लेडीज टेलर, पौड.

‘हे पायाचं शिवणमशीन आहे. पट्ट्याचा जोड सात टाक्यांनी वाजतो. खाली कापड न घालता चालवलंय, हे चूक आहे. बाकी काम नीट आहे. फिनिशिंग चांगलं आहे.’

१३ ऑक्टोबर, सोमवार

दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि माझं लक्ष फोनमध्ये. माझ्या मताला दोनशे सहा बदाम! चिलीची बाई लिहिते, आता हे गाणं पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागणार. फिनलंडवाल्यानं पाण्याचं मागे घेतलं. सभ्य माणूस आहे.

त्याखाली बँडचं उत्तर — ‘चूक मान्य. पुढच्या वेळी कापड घालू. तुम्ही शेवटचं अर्धं मिनिट कानात वायर घालून ऐका. फोनवर ते येत नाही.’

तुम्ही! आईला तुम्ही म्हणतो मेला! ओळखलंय की नाही मला? ओळखलंच असणार. पौडात असं कोण बोलतं?

म्हणजे किमयाचं असं गाण्यातून सांगणार मला. सांगू दे. पोरगी चांगली असली तर मी काय खाणार आहे का तिला? जस्मीन उद्या कानात घालायचं आणून देते म्हणाली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

किमया नाही.

सात टाके, खट्ट. सात टाके, खट्ट. मग मशीन थांबतं, जिन्यात पावलं वाजतात, आणि माझा आवाज — जेवून तरी जा रे, मतीन.

डबीत ‘कोण ऐकणार हे’ पण असणार. ते त्यानं कापलं. एवढंच ठेवलं.

शुक्रवारची वाट बघितली नाही. खाली जाऊन त्याच्या अब्बांकडून फोन मागून घेतला आणि मीच लावला.