शिट्टीला पाणी पाजायचं आहे

३ जून

आज शिट्टीनं कन्येला कॅचरच्या जागेवरून काढलं. आता ती राखीव. कारण म्हणे, चेंडू जमिनीवर आपटून उसळला की ती मान वळवते. चौदा वर्षांची पोर, चेंडू तोंडावर येत असताना मान वळवणार नाही तर काय त्याची विचारपूस करणार?

शिट्टी म्हणजे तिचा सॉफ्टबॉलचा कोच. गळ्यात कायम शिट्टी, आंघोळीलाही काढत नसावा. या माणसाला मी कॉलेजपासून ओळखतो. मी चेंडू टाकणारा पिचर, तो समोर उकिडवा बसून झेलणारा माझा कॅचर. फायनलच्या शेवटच्या डावात मी टाकलेला अप्रतिम चेंडू त्यानं सोडला. चेंडू मागच्या जाळीत, त्यांचा गडी धाव पुरी करून होम प्लेटवर, आम्ही हरलो. तेव्हापासून बोलणं बंद. तो चेंडू जरा बाहेर होता असं काही जण म्हणतात. ते जळतात.

जुलैअखेर शहराच्या संघाची निवड आहे. पुढच्या वर्षी कन्येचा वयोगट बदलतो, म्हणजे आत्ता नाही तर नाहीच. जेवली नाही. उशीत तोंड खुपसून पडली आहे. मला ते बघवलं नाही.

ठरलं. तिला मी तयार करणार. शिट्टी नाक घासत येईल.

४ जून, सकाळ

पहाटे पाचला सराव ठरला होता. उठलो पावणेआठला. गजर वाजलाच नाही. बायको म्हणते वाजला, मीच तो बंद केला आणि वर त्याला शिवी हासडली. असेल. संतापात माणसाचं भान राहत नाही.

सराव संध्याकाळी ठेवला आहे. संध्याकाळी स्नायू सैल असतात.

६ जून

पहिला सराव. जागा: बिल्डिंगमागचं पार्किंग. कन्या मास्क, छातीचं पॅड, पायाचे गार्ड चढवून भिंतीपाशी उकिडवी बसली. मी हात चक्रासारखा फिरवला आणि खालून चेंडू सोडला. तोच जुना मी!

चेंडू तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या पाटीला लागला. वारा होता. शिवाय पार्किंगला उतार आहे, हे बिल्डरनं लपवलं होतं. डॉक्टर बाहेर आले आणि विचारलं की पाटी त्या बाजूला आहे आणि मुलगी या बाजूला, तर नेमकं चाललंय काय. मी म्हटलं, सराव. ते म्हणाले, कुणाचा?

या माणसाकडे यापुढे दात दाखवायचे नाहीत.

९ जून

कन्येला माझ्या फेकीची किंमत कळली. स्वतःहून म्हणाली, बाबा, तुम्ही काही बदलू नका, येतं तसंच टाका. डोळ्यांत पाणी आलं. या घरात प्रथमच कुणी मला असं म्हणालं.

चेंडू दोनदा जमिनीवर आपटून तिच्या गुडघ्याकडे, एकदा डोक्यावरून. ही विविधता मी मुद्दाम ठेवतो.

१२ जून, ऑफिस

देव आहे. शिट्टीच्या स्कूटरचा अपघाताचा क्लेम माझ्याच टेबलावर आला! विमा कंपनीत इतकी वर्षं घासली त्याचं आज चीज झालं. कळवलं की डाव्या बाजूचा फोटो हवा. दुपारी आला. कळवलं की उजव्या बाजूचाही हवा. उद्या सीटखालचा मागणार आहे.

१४ जून

साहेबांनी बोलावून विचारलं की स्कूटरचं काय लग्न जमवताय का, इतके फोटो कशाला. क्लेम त्यांनीच मंजूर केला. शिट्टीनं ऑफिसला कळवलं की इतक्या बारकाईनं लक्ष घातल्याबद्दल आभारी आहे.

हलकट.

१५ जून

सरावाआधी कन्येनं सहज सांगितलं की शिट्टी आज मैदानावर म्हणत होता, तुझे बाबा पिचर कमी आणि वादळ जास्त होते. माझं डोकंच फिरलं. हात असा फिरवला की खांदा कडाडला. चेंडू जमिनीवर, तिथून तिच्या छातीवर. आणि काय आश्चर्य, पोरीनं मान वळवली नाही! दोन्ही गुडघे टेकले, हनुवटी खाली, चेंडू पॅडवर आपटून समोर पडला.

माझ्या प्रशिक्षणाला फळ येतंय.

१९ जून

उकिडवं कसं बसायचं ते स्वतः करून दाखवलं. बसणं उत्तम झालं. उठणं राहिलं. कन्या आणि दातांचे डॉक्टर यांनी दोन्ही बगलांत हात घालून उचललं. डॉक्टर हसले नाहीत, पण ते दाबत होते हे दिसत होतं. बायको फिजिओथेरपिस्ट. ती म्हणाली की पेशंट घरीच तयार होतोय, बरंच झालं.

शिट्टी, तुझ्यापायी हे गुडघे गेले. हिशेबात धरलं आहे.

२८ जून

कन्या रोज काहीतरी सांगते. आज शिट्टी म्हणे तुमचा फोटो बघून हसला. काल म्हणे त्यानं तुमची नक्कल केली. पोर बिचारी, किती अपमान सोसते! मी तिला म्हटलं, सगळं मला सांगत जा, मनात ठेवू नकोस. ती म्हणाली, हो बाबा, सांगायलाच हवं.

राग आला की वेग वाढतो हे माझ्या लक्षात आलं आहे. दिशेचं बघू.

७ जुलै

कन्येला न सांगता गच्चीच्या भिंतीवर एकट्यानं सराव केला. तीन चेंडू अगदी सरळ गेले. संध्याकाळी तिला तसेच टाकले. वाटलं, खूष होईल. तर तिचा चेहरा पडला. मास्क वर करून म्हणाली, बाबा, आज शिट्टी सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की फायनल तुमच्यामुळे गेली.

माझ्यामुळे! पुढचा चेंडू शेजारच्या बिल्डिंगीत गेला. त्यानंतरचे कुठे गेले ते मला नीट दिसलं नाही, पण तिनं अडवले. एकेक. डावीकडे झेपावून, उजवीकडे झेपावून. पोरगी भिंत झाली आहे.

२० जुलै

भाषण तयार. निवड झाली की शिट्टीपुढे उभं राहून करायचं. सुरुवात: कॅचर कसा असतो ते आता माझ्या मुलीकडून शीक. शेवट अजून नीट जमत नाही, कारण तिथे पोचेपर्यंत माझा आवाज चढतो. बाथरूममध्ये म्हणून पाहिलं. बायकोनं दार वाजवून विचारलं की आत कोण आहे.

३० जुलै

निवड चाचणी. चाचणीसाठी आणलेल्या पिचरला घाम फुटलेला, चेंडू चारी दिशांना. बाकीच्या कॅचर मुली धावून धावून दमल्या. माझ्या कन्येनं एकही मागे जाऊ दिला नाही. पहिली कॅचर म्हणून तिचं नाव पुकारलं. ती मास्क काढून माझ्याकडे बघून हसली. मी रडलो. चष्म्यात धूळ गेली असं सांगितलं आहे.

परवा जर्सी देणार. भाषण तेव्हाच. सगळ्यांसमोर उतरवतो त्याची.

१ ऑगस्ट

इस्त्रीचा शर्ट. घसा गरम पाण्यानं शेकला. मी पुढे झालो, भाषणाच्या कागदासाठी खिशात हात घातला, तेवढ्यात शिट्टीनंच माझा हात धरला आणि मुलींसमोर बोलायला लागला. म्हणाला, सरावाचं चेंडू फेकणारं मशीन सरळ चेंडू टाकतं, सरळ चेंडू कुणीही घेईल. हिला वाकडे हवे होते. असे वाकडे टाकणारा या शहरात एकच माणूस आहे, मी त्याच्यापुढे तीन वर्षं बसलो होतो, म्हणून हिला राखीव करून त्याच्याकडे घरी पाठवलं. आणि सांगितलं की सरावाआधी माझं नाव काढायला विसरू नकोस, त्याशिवाय तो खरा फेकत नाही.

टाळ्या. मुली तर उड्या मारत होत्या. कन्या लाल झाली होती, पण तीही टाळ्या वाजवत होती. बायकोला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. डॉक्टरांनासुद्धा.

म्हणजे दोन महिने मी ज्याचा सूड घेत होतो, त्याच्याच हाताखाली काम करत होतो. बिनपगारी.

शिट्टी म्हणाला की आणखी दोघी कॅचर कच्च्या आहेत, रविवारी मैदानावर येशील का. तोंडावर नाही म्हणणार होतो. पण जास्त चांगलं सुचलं. जाणार. आणि सगळेच्या सगळे चेंडू सरळ टाकणार. बघू मग कशा शिकतात त्याच्या पोरी! बस बोंबलत.

४ ऑगस्ट, रविवार

गेलो. शांत मनानं, शिट्टीकडे न बघता, कॅचरच्या हातमोज्यावर, मिटवर, नजर ठेवून टाकले.

एकही सरळ गेला नाही.

दोघी पोरी दुपारपर्यंत गुडघे टेकायला शिकल्या. शिट्टी दर चेंडूला वाहवा म्हणत होता आणि मनापासून म्हणत होता, तेच सहन होत नव्हतं. मला राग आला. भयंकर आला. मग जे चेंडू गेले, ते आजवरचे सर्वोत्तम होते असं त्याचं म्हणणं आहे. पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलं आहे.