आत माणूस आहे

३ मार्च २००८, सोमवार

लागलो एकदाचा नोकरीला! गडहिंग्लजहून पहिली एसटी धरली आणि शिरोली एमआयडीसीत हजर. फाउंड्रीत मोबाइलचं सॉफ्टवेअर लिहायचं म्हटल्यावर माझ्या आईनं, अव्वानं विचारलं, भट्टीपुढं बसून फोन दुरुस्त करणार काय? हसून पोट दुखलं. बायकोला, प्रेरणाला सातवा महिना, तिला पगार ऐकूनच बरं वाटलं. मालक बाळासो फाटक्या तोंडाचे, पण जेवायला पोटभर घालतात.

काम असं. इथं साच्यांची वाळू कालवायचा खोलीएवढा मिक्सर आहे. आत चिकटलेली वाळू खरवडायला माणूस शिडीनं उतरतो. तो उतरला की वर उभा असलेला मुकादम जोतीराम फोनवर ‘आत’ दाबतो आणि स्विचच्या खोलीतल्या फोनवर ‘आत माणूस आहे’ असं येतं. माणूस वर आला की ‘बाहेर’ दाबायचं. मग ‘रिकामा’ दिसतं आणि तिथला गडी मिक्सर चालू करतो. हे सगळं आधीच्या पोरानं लिहिलेलं. तो सोडून गेला म्हणून मी.

५ मार्च, बुधवार

तो का गेला ते आज कळलं. दिवाळीनंतर आकाराम नावाचा गडी आत होता. जोतीरामला कुणाचा तरी फोन आला, तो संपल्यावर त्यानं सवयीनं बॅक दाबलं. बॅकनं आधीचा स्क्रीन आणला, ‘रिकामा’. तिकडच्या फोनवरही तेच आलं आणि मिक्सर फिरला. आकारामचं काय हाती लागलं ते विचारायची माझी छाती झाली नाही.

असलं लिहिणाऱ्याला चाबकानं फोडून काढला पाहिजे. बॅक म्हणजे मागचा स्क्रीन. आत उतरलेला माणूस त्यानं वर येतो का? एवढी अक्कल नको? जोतीराम माझ्याशी बोलत नाही. गडी मला बघून थुंकतात. थुंका म्हणावं. मी दुरुस्त करायला आलोय, कुणाला मारायला नाही.

७ मार्च, शुक्रवार

बॅक बंद केलं. सगळ्या स्क्रीनवर. आता पुढंच जायचं, दाबलं ते दाबलं. बाळासो झ्याक म्हणाले.

पण नवा प्रोग्राम घालताच फोनवर आलं, ‘आत माणूस आहे’. मी वाकून बघितलं, आत कुणी नव्हतं. प्रोग्राम काढून पुन्हा घातला. तेच. ‘बाहेर’ दाबलं, तरी तेच.

१० मार्च, सोमवार

भर दुपारी मिक्सरच्या आतून खरवडल्याचा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला. सगळे माझ्याकडं बघत होते, जसा काय मीच —

माझ्या ताटात वाळू होती. कुणी टाकली म्हणून भांडलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

११ मार्च

काम बंद आहे. गडी उतरत नाहीत. बाळासोंनी चारचौघांत माझी आई-बहीण काढली. जोतीराम आज पहिल्यांदा बोलला. इथली रीत म्हणे अशी, नवं काही बसवलं की करणाऱ्यानं आधी स्वतः उतरायचं. “तुमी उतरा की. वर आलासा की आमी उतरतो.” बाळासो म्हणाले, उतर नाहीतर गावाला चालू लाग. प्रेरणाला काय तोंड दाखवू? भीती वाटतेय. पण रागाच्या भरात हो म्हणून बसलो.

१२ मार्च, सकाळ

आत आहे. मिक्सरातच. खिशातल्या डायरीत लिहितोय —

उतरलो तेव्हा कोपऱ्यात पाठ करून कुणीतरी बसलं होतं. खरवडत. वळलं नाही. उठलं आणि मला घासून शिडीकडं गेलं. अंगभर वाळू. तोंड दिसेना —

शिडी चढलं. वरून जोतीरामचा आवाज आला, “आला, आला सायब भाईर.”

मी नव्हे! मी इथं आहे —

शिडी ओढून घेतली. ओरडतोय. वर कळत नाही, भट्टीचा आवाज —

वरचं झाकण लावलं. आता माझ्या फोनचाच उजेड. हाही त्यांच्या फोनांना जोडलेला. ‘रिकामा’ दाखवतोय. जुनं बॅक असतं तर ‘आत माणूस आहे’ परत आलं असतं, तिकडंही. थांबले असते —

दाबतोय. काही होत नाही. दाबतोय —

मीच बंद केलं. मीच —

खालचं पातं हललं. प्रेरणा, मी बाहेर आलेलो नाही, घरी कोण आला तर दार उघ