शेवंती व सरदार यांच्या सांभाळाबद्दल

आमचे येथे श्रीकृपेकरून माझी बुद्धी शाबूत आहे. मी, सुलोचनाबाई सोमाजी लांजेवार, वय ७१, राहणार लाखनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सुरुवात लग्नपत्रिकेसारखी झाली म्हणून वकीलसाहेबांनी हसू नये. शाळेचे तोंड मी पाहिले नाही. वरातीची घोडी ठरवायला लोक पत्रिका घेऊन येत, त्यांवर बोट फिरवत मी अक्षरे लावायला शिकले. त्यामुळे कागद पुढे आला की हात आपोआप शुभ लिहितो.

माझे यजमान सोमाजी वरातीला घोडी देत व टांगा चालवत. ते गेल्यावर लगाम मी धरला. बाईमाणूस घोडी घेऊन आली म्हणून सुरुवातीला लोक तोंडाकडे पाहत, नंतर आधी माझी तारीख घेऊन मग मुहूर्त काढू लागले. आता घोडी शेवंती आणि टांग्याचा घोडा सरदार दोघेही काम सोडून बसले आहेत, आणि मीही फार चालत नाही. म्हणून पुढीलप्रमाणे व्यवस्था करते.

१. रस्त्याकडचे राहते घर मुलगा अमर यास द्यावे. अमरने मला कधी उपाशी ठेवले नाही आणि कधी माझे ऐकलेही नाही. दोन्ही गोष्टी इथे नोंदवते.

२. घरामागचा घोड्यांचा कोठा व त्यापुढची मोकळी जागाही अमरचीच, पण शेवंती व सरदार हयात असेपर्यंत तिथे एक वीटही रचू नये. त्याला तिथे टायरचे गोदाम करायचे आहे, ते मला ठाऊक आहे. गोदाम थांबू शकते. टायर म्हातारे होत नाहीत.

३. पोस्टातल्या ठेवीचे व्याज दोघांच्या चाऱ्याला व औषधाला लावावे. दोघांच्या मागे जे उरेल ते मुलगी मोना, राहणार बपेरा, हिला द्यावे. मोनाची याला संमती आहे. ती म्हणाली, "माय, शेवंती माह्यापेक्षा लाडकी, तिचं आधी होऊ दे."

४. शेवंतीची मखमली झूल, खोगीर व कपाळपट्टी डोमा बँडवाल्यास द्यावी. त्याने नवी घोडी घेतली आहे. डोमाने जवाहरनगरच्या एका वरातीत शेवंतीच्या अगदी कानाशी तुतारी फुंकली होती. ती बिथरली आणि नवरदेव तलवारीसकट मांडवाच्या दोरीला लोंबला. तो राग मी आज सोडला. पण नव्या घोडीच्या कानाशी तुतारी वाजवली, तर झूल परत घ्यावी.

५. आता मुख्य गोष्ट. शेवंतीचा विमा होता. कानाला कंपनीचा बिल्ला लागतो, नाहीतर पैसे मिळत नाहीत. फोटोत पिवळा बिल्ला दिसतो म्हणून नवरीकडचे लोक कुरकुरत, तेव्हा मी त्यावर गोंडा शिवला होता. दरसाल कंपनीचा माणूस यायचा, दात पाहायचा आणि किंमत लिहायचा. तेव्हा तिची किंमत माझ्या घरापेक्षा जास्त होती. मग पुढच्या खुरात दुखणे बसले आणि डॉक्टर म्हणाले, हिच्यावर आता कधीच कोणी बसायचे नाही. तोच माणूस आला, तेच दात पाहिले आणि लिहिले: निरंक.

मी म्हणाले, "भाऊ, घोडी तं तेच हाये."

तो भला होता. म्हणाला, "मावशी, किंमत घोडीची नसते, कामाची असते. कायमची निकामी असा दाखला आणा, जुन्या किमतीवर पैसे मिळतील. फक्त जनावर कोणाला विकलं त्याची पावती जोडा."

अमर म्हणाला, "आई, काहून नाई म्हनतेस? पैसे भेटून राहिले, घोडीचं दुखनंही सुटते." मी अर्जावर सही केली नाही. पावती फाडणारा फक्त जनावरांचा व्यापारी ताराचंदच असणार, आणि त्याच्याकडून म्हातारे जनावर पुढे कुठे जाते हे मला कोणी सांगायला नको. ज्याच्याकडून काम होत नाही ते निकामी असेल, तर मीही निकामीच.

सरदारचा विमा नव्हता. त्याचे वय कंपनीच्या कागदात मावत नव्हते.

६. सांभाळणाऱ्याने हे पाळावे. सरदारला दिसत नाही, म्हणून हात लावण्याआधी नाव घ्यावे. शेवंतीच्या गळ्यातली घंटी काढू नये, त्या आवाजामागे तो पाण्यापर्यंत जातो. दोघांना वेगळे करू नये. नुसते भाताचे तणस टाकून मोकळे होऊ नये. कोंडा भिजवून द्यावा आणि खाली माती राहू द्यावी, सिमेंट नको. रस्त्याने बँड गेला की शेवंती अजून नाचायला पाय उचलते आणि मग दिवसभर लंगडते. तेव्हा कोणीतरी तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहावे.

७. याच कारणाने माझ्या अंत्ययात्रेला बँड लावू नये. भजन चालेल.

८. ताराचंद व्यापारी माझ्या यजमानांचा मित्र आहे. त्याला तेरवीला बोलवावे, पोटभर वाढावे, आग्रह करावा. पण कोठ्याच्या दाराशी एकटे सोडू नये.

९. मागच्या घरच्या विमलाबाईशी माझे माश्या, वास आणि मोरीच्या पाण्यावरून जे भांडण आहे, ते कोणाच्या नावे करत नाही. ते आम्हा दोघींचे आहे.

१०. माझ्या पश्चात शेवंती व सरदार यांचा सांभाळ विमलाबाई हटवार हिने करावा व कलम ३ मधील व्याज तिने घ्यावे.

हे नाव आज दुपारपर्यंत इथे नव्हते, जागा कोरी होती. अमरला विचारले, तर म्हणाला, "ठेवीन म्हनून खोटं बोलत नाई, आई." खरे बोलला, म्हणून घर त्याचेच ठेवले. गोरक्षणवाले म्हणाले, गाय असती तर घेतली असती. वकीलसाहेबांनी बजावले होते की ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नका. म्हणून, हिला माझ्याकडून काय मिळणार, असा विचार करून विमलाबाईला साक्षीला बोलावले. तिने सगळे वाचले आणि पेन खाली ठेवले.

"सही केली तं मले काही भेटत नाई म्हनतेस ना? मंग मी करत नाई."

"तुले काय पायजे वं?"

"येवढी वर्सं वास मीनं घेतला, माश्या मीनं मारल्या, अन् आता घोड्या दुसराच नेईल काय?"

मी म्हणाले, "तुले घोड्यायचं काय समजते?"

"तू दवाखान्यात होती तवा सरदारले पानी कोनं पाजलं? तुह्या पोरानं? नाव घेऊन घेऊन घसा बसला माहा. तुले सांगतलं नाई, तू माजली असती."

मी नाव लिहिले. अक्षर वाकडे आले आहे, ते माझेच आहे.

मग साक्षीदार एक कमी पडला. एवढ्यात नेहमीप्रमाणे ताराचंद शेवंतीची चौकशी करायला आला. त्याला खुर्ची दिली, चहा दिला, कागद दिला. कलम ८ वाचून तो हसला. कलम १० त्याने दोनदा वाचले. म्हणाला, "वहिनी, तुमी माह्याच हातानं माहा सौदा मोडून राहिल्या." चहा संपेपर्यंत कोठ्याकडे पाहत बसला, मग सही केली.

येणेप्रमाणे लिहिले ते वाचून पाहिले, बरोबर आहे.

लिहून देणार: सुलोचनाबाई सोमाजी लांजेवार

साक्षीदार:
१. जनाबाई भुरे, भाजी विक्रेती, लाखनी
२. ताराचंद गभणे, जनावरांचे व्यापारी, लाखनी. वर लिहिलेल्या दोन्ही जनावरांवर माझा आज वा पुढे काही दावा नाही.

ठिकाण: लाखनी
दिनांक: १४ डिसेंबर २०२४