दादाचा हात तुझ्या खांद्यावर

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे हिची पाठ, माझा डावा डोळा आणि दादाची स्मरणशक्ती सोडली तर. (वहिनी गेल्यापासून दादा आमच्याकडेच असतो. गेली अकरा वर्षं तू फोनवर "घरातले सगळे कसे आहेत" एवढंच विचारतेस आणि त्यात त्यालाही धरतेस, असं मी मानून चालतो.)

पत्राला कारण फोटोंचं. निवृत्त झाल्यावर मी कॅमेरा घेतला हे तुला माहीत आहेच. शाळेच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या धुतल्यावर माणसाला स्वतःचं काहीतरी करून बघावंसं वाटतं. पण हल्ली नुसता फोटो काढून भागत नाही, तो संगणकावर सुधारावा लागतो, आणि त्यासाठी मी एक नवं सॉफ्टवेअर घेतलं आहे. त्यात पुसायची एक सोय आहे. नको त्या गोष्टीवरून माउस फिरवला की ती नाहीशी होते आणि मागची भिंत आपोआप भरून निघते. पहिल्या आठवड्यात मी खिडकीतून काढलेल्या फोटोंमधले वाळत घातलेले कपडे, तीन स्कूटर आणि समोरचे निवृत्त स्टेशनमास्तर पुसले. (मास्तरांना ते कौतुकाने दाखवायला गेलो, ही चूक झाली. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.) हसू आणायचंही एक बटण आहे. ते मी भाऊजींच्या फोटोवर दाबलं. भाऊजी हसले, पण दात मोजता मोजता मीच दमलो. तुझ्या लेकीला पाठवला, तर तिने दातांची डॉक्टर या नात्याने कळवलं, की एवढे कुणालाच नसतात.

तिच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन झालं, त्या दिवसाबद्दलच सांगायचं आहे. तिने शहाणपणाने दादाला दहाला बोलावलं आणि तुला चारला. दोघांचेही फोटो मीच काढले, त्याच खुर्चीपाशी, त्याच पांढऱ्या भिंतीसमोर. घरी येऊन दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले. दादाच्या डावीकडे एका माणसापुरती जागा रिकामी होती. तुझ्या उजवीकडेही तेवढीच. दोघांनीही नेमकी एकमेकांची जागा सोडून उभं राहावं, हे मला बघवेना.

म्हणून दोन फोटोंचा एक केला. आठ दिवस लागले. पहिल्या खेपेला तू दादाच्या कमरेपर्यंतच आलीस. दुसऱ्या खेपेला तुझे पाय खुर्चीत विरघळले. मग मी सॉफ्टवेअरला सांगितलं, की दोघांना जरा जवळ आण, तर त्याने दादाला तीन हात दिले. त्यांतला जो सगळ्यात बरा दिसत होता तो ठेवला. तो तुझ्या खांद्यावर आहे.

ताई, खरंच सांगतो, मी नुसता हात बसवून बघत होतो. फोटो कुणाला द्यायचा नव्हता. पण प्रिंटरमधून कागद बाहेर येत असतानाच दादा खोलीत आला आणि त्याने तो उचलला. पलंगाच्या कडेला बसून बराच वेळ बघत राहिला.

"ही माझ्या शेजारी कधी उभी राहिली?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "उद्घाटनाला."

"मला आठवत नाही."

"गर्दी होती रे."

मग तो म्हणाला, "आईच्या वेळी मी हिला उशिरा कळवलं. मला वाटलं, आई सकाळपर्यंत काढेल. हिला आईचा नुसता चेहरा बघायला मिळाला. आणि तरी उभी राहिली."

मी प्रिंटर बंद केला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः जाऊन फोटोला चौकट करून आला. आता तो त्याच्या पलंगासमोर टांगला आहे, आणि स्टेशनमास्तरांपासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना दादाने सांगितलं आहे, की माझी बहीण माझ्याशी बोलायला लागली. ही म्हणते, झालं ते त्याला सांगून टाका. मी रोज सकाळी तेवढ्यासाठी त्याच्या खोलीत जातो आणि चहा झाला का, असं विचारून परत येतो.

तुला न विचारता मी तुझ्याकडून त्याला माफ करवलं. त्याबद्दल तू मला माफ करायचं की नाही, ते तुझ्याकडे. भाऊजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. हे सगळं लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. दादा येत्या रविवारी तुझ्याकडे यायला निघाला आहे. मला न सांगता तिकीट काढून आला. तू बोललीस तर बोल, नाही तर नको, पण त्याला दारातून परत पाठवू नकोस. आणि फोटोचं काही बोलू नकोस.

ता. क. २. माझा पाय मुरगळला आहे, म्हणून पत्र दादाकडेच टपालात टाकायला देतो आहे. काळजी नको, पाकीट पक्कं चिकटवलं आहे.

(निराळ्या शाईत, निराळ्या अक्षरात)

चिमे, पाकीट मी उघडलं. तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली. फोटोत माझी सावली एका बाजूला पडली आहे आणि तुझी दुसऱ्या बाजूला, एवढं मला पहिल्याच दिवशी दिसलं. धाकट्याला सांगू नकोस, तो बिचारा सावल्या जुळवत बसेल. मी पुष्कळ विसरतो हे खरं. पण तू शेजारी उभी राहिली असतीस, तर ते विसरलो नसतो.

रविवारी साडेतीनला येतो. बेल एकदाच वाजवीन.