आईच्या खाडीचं अमेरिकन गाणं

आई, आज ऑफिसला सुट्टी आहे आणि सकाळपासून मी एकच गाणं लावते आहे. दोन ओळी झाल्या की बंद करते, उठते, खिडकीशी जाते, परत येऊन तेच दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात लावते. चहा दोनदा निवला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एका जाग्यार बस गो."

तुला ते गाणं बाबांमुळे मिळालं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बाबा आखातात, जुफैरला, एका गोऱ्या साहेबाची गाडी चालवत, आणि साहेबाने मायदेशी परतताना त्यांना एक कॅसेट दिली. तिकडची गावाकडची गाणी, ज्यांना ते कंट्री म्हणतात. गिटार, आणि घर सोडून लांब आलेला एक जाड आवाजाचा माणूस. तुला इंग्रजी येत नव्हतं, पण चाल आठ दिवसांत गळ्यात बसली. तिथल्याच गुदैबिया भागातल्या आपल्या अरुंद स्वयंपाकघरात घावणे घालता घालता तू तिच्यावर आपले शब्द चढवलेस.

मग ते संक्रांतीचं हळदीकुंकू. मी दहा वर्षांची, इंग्रजी शाळेतली, शिष्ट. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही केलेलं ते गाणं म्हणा ना." तू म्हटलंस. दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. आणि माझं तोंड सुटलं. "इट्स नॉट युवर्स, आई. अमेरिकन आहे ते. तू चोरलंस." तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बरां. माझां नाय तर नाय. तू तिळगूळ वाट." त्यानंतर आठ वर्षांनी तू गेलीस, तोवर ते गाणं पुन्हा कधी तुझ्या तोंडून ऐकलं नाही.

आता मी त्या गाण्याच्या मुळाशी जायच्या नादी लागले आहे. कॅसेटवरचा तो बाप्या पहिला नव्हताच. त्याच्या आधी एका बाईने ते म्हटलं होतं, गाणं घेताना तिला कुणी विचारलं नाही. तिच्याही आधी ती चाल चर्चमधल्या एका प्रार्थनेची होती, आणि ती कुणी बांधली हे कुणालाच ठाऊक नाही. नंतर पंधरा-सोळा जणांनी ते गायलं. कुणी नदी बदलली, कुणी आपलं गाव घातलं, आणि कुणी कुणाला चोर म्हटलं नाही. तू वेगळं काय केलंस? हे तुला सांगायची सोय नाही. हे पत्रही वहीतच राहील.

पण खरं सांगू का, चोरीचा मला राग नव्हताच. तुझ्या गाण्यात खाडी होती, होडी होती, आजी होती, आणि तुला परत जायचं होतं. बाबा आणि मी त्यात कुठेच नव्हतो. शाळेचा डबा घ्यायला आले की मी रोज कान देऊन ऐकायचे, आज तरी तू माझं नाव घालशील म्हणून.