डब्ल्यू हरवल्याचं वर्तमान

तीर्थस्वरूप दाजींना आणि ताईला धाकट्याचा दंडवत.

देवाच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? ताईला न सांगता जिना चढू नका. (ती मला फोनवर सगळं सांगते, हे तुम्हाला माहीत असू द्या.)

दाजी, आमच्या छापखान्यातल्या पुस्तकबांधणीच्या खात्यात सध्या माझी अब्रू टांगणीला लागली आहे. एका निवृत्त जज्जसाहेबांनी त्यांच्या वडिलांचा एक थोराड इंग्रजी कोश बांधायला दिला. प्रत्येक शब्द मूळचा कुठला, पूर्वी त्याचा अर्थ काय होता, हे सगळं त्यात आहे. शनिवारी ते न्यायला येणार, कारण रविवारी त्यांची नात परदेशी शिकायला निघते आणि कोश तिच्या सामानात जायचा आहे. आणि त्यातला डब्ल्यूचा अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र शिवायच्या पानांची घडी, सापडत नाही. मालकांनी शांतपणे सांगितलं, "पानं मिळाली नाहीत, तर तुमची सुई तुम्ही घरी घेऊन जा." ओरडले असते तर एवढी भीती वाटली नसती.

माझे वस्ताद सांगायचे की बांधणाऱ्याने पानांचे आकडे वाचावेत, अक्षरं वाचू नयेत. इतकी वर्षं मी ते पाळलं. जुना सरस खरवडायचा, फर्मे सुटे करायचे, आकडे जुळवायचे, पुन्हा शिवायचे. पण या वेळी आकड्यावरून नजर घसरली ती थेट 'गुडबाय'वर. तिथे लिहिलं होतं की हे मूळचं 'देव तुझ्याबरोबर असो' असं अख्खं वाक्य, बोलून बोलून झिजलेलं. दाजी, मी हातातली सुई खाली ठेवली. माझ्या गावच्या शाळेत गुरुजींनी शब्द दिला, अर्थ दिला, छडी दिली. पण शब्द कुठून चालत आला ते कोणी सांगितलं नाही. (तुम्हीही जन्मभर इंग्रजीच शिकवलंत. तुमच्या मुलांना सांगितलं होतंत का? सहज विचारतो.)

तेव्हापासून मी रोज एक फर्मा पिशवीत घालून घरी न्यायचा आणि जेवण झाल्यावर वाचायचा असा नेम धरला. वाचलेलं पोटात राहत नाही, हा माझा दोष. आमचे सुपरवायझर माझी शिलाई बघून "नाइस" म्हणायचे. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की नाइस म्हणजे पूर्वी अडाणी, मूर्ख. आता ते पुस्तकावर एक टिचकी मारतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. जज्जसाहेब चौकशीला आले, तेव्हा निघताना मी डोळे मिटून, हात जोडून, अगदी मनापासून "गुडबाय" म्हणालो. साहेबांचं वय ऐंशीच्या पुढे. बाहेर जाऊन त्यांनी मालकांना विचारलं, "काय हो, मी इतका खंगलेला दिसतो का?"

घरी हिला सांगितलं की लेडी म्हणजे मूळची पीठ मळणारी. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिने परात माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "मग आज तुम्ही व्हा लेडी." माझ्या हाताला खळीची सवय. पीठ असं झालं की त्यात कोशाचा पुठ्ठा पक्का बसला असता.

एक मात्र मनाला लागलं. 'विलन' म्हणजे मूळचा साधा शेतावर राबणारा गावकरी. बिचाऱ्याने काही केलं नव्हतं. दुसऱ्यांच्या तोंडून फिरता फिरता तो दुष्ट झाला. उलट 'नाइस' मूर्खाचा सज्जन झाला. शब्दांचंही माणसांसारखंच, कोणाची संगत मिळते त्यावर सगळं. देवासमोर बसल्यावर हल्ली मी हाच विचार करतो, आणि मग डब्ल्यू आठवतो आणि घाम फुटतो.

घरभर शोधलं. गाद्या उचलल्या, कपाट भिंतीपासून ओढलं. हिला विचारलं तर म्हणाली, "तुम्हीच त्या शब्दांना सुटं करून आणलंत. गेले असतील आपापल्या गावी." असो. गुडघ्याला शेक देत जा. ताईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा

ता. क. मागच्या रविवारी तुम्ही इथून निघालात, तेव्हा हिने ताईसाठी काचेची बरणी कागदात गुंडाळून दिली होती. तो कागद फेकला नसेल, तर कृपा करून बघा. पिवळट, बारीक अक्षरांचे दोन रकाने. असेल तर कोणा येणाऱ्याच्या हाती शुक्रवारपर्यंत पाठवा. फोन केला नाही, कारण तो हिच्या कानावर गेला असता. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळे रद्दी समजून गुंडाळला असणार. बिचारीला उगाच वाईट वाटेल.

ता. क. दुसरा. दाजी, नमस्कार. यांनी पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आहे. जन्मभर चिकटवायचं काम करतात, पण हे उघडंच होतं. मला रद्दी ओळखता येते. तो कागद मी बघून, निवडून गुंडाळला. आदल्या दिवशी हे ताटावर बसून, त्याच कागदाकडे बोट दाखवून म्हणाले की वाइफ म्हणजे पूर्वी नुसती बाई, कोणतीही. वर पाणी मागितलं. नोकरीवर येईल असं मला वाटलं नव्हतं, तेव्हा वन्संना सांगून पानं नक्की पाठवा, आणि थेट छापखान्यात पाठवा, घरी नको. पण त्याआधी त्या शब्दापुढचं सगळं तुम्ही नीट वाचा. खाली कुठे काही बरं लिहिलेलं असेल, तर वेगळ्या चिठ्ठीत मला मराठीत कळवा. यांना मी विचारणार नाही.