टाचणीचा अर्ज

११ जानेवारी

'टाचणी' या नावाने आलेला अर्ज पुन्हा परत पाठवला. तिसऱ्यांदा! चिलखताच्या पाठीच्या पत्र्यावर सातच रिव्हेट. पडद्यावर आठ आहेत. आठवा काखेखाली सावलीत आहे, चटकन दिसत नाही — पण आहे. मी मोजलेत.

ही चहा ठेवताना म्हणाली, "प्लास्टिकचं चिलखत. पिक्चरमधल्या पहारेकऱ्याचं. त्याचा कुणी इतका कीस पाडतं का?" मी म्हटलं, मंडळाचा नियम आहे. पडद्यावर दिसतं तसंच्या तसं असेल तरच चिलखत मंडळाच्या कार्यक्रमात घालता येतं. नाहीतर मग रंगीत डबेच घालून फिरा की! "आणि तो नियम केला कुणी?" मीच केलाय. तिला माहीत आहे.

१४ जानेवारी

टाचणीचं उत्तर आलं. मंडळात सगळे टोपणनावानेच लिहितात. खरी नावं फक्त सचिवांकडे. माझ्या सहीच्या जागी नुसतं 'तपासणी' असतं.

"आठवा रिव्हेट लावला. तो बघायला पहारेकऱ्याची काख वर करावी लागते. तुम्ही किती जणांच्या काखा बघितल्यात आजवर?"

हसू आलं. उत्तरात लिहिलं — एकशे बारा.

१९ जानेवारी

दिवसभर बाजारात, वजनमाप खात्याच्या ड्यूटीवर. एकवीस काटे तपासले, दोन खोटे निघाले. एक किराणावाला म्हणाला, "साहेब, तुम्ही घरी भाजीसुद्धा मोजूनच खात असाल." हो म्हटलं.

२३ जानेवारी

टाचणीचे समोरून काढलेले फोटो. काम चांगलं आहे, खरंच चांगलं. पत्रा गरम करून साच्यावर ओढताना कोपरे पातळ होतात, बहुतेकांचे होतात. टाचणीचे नाहीत. पण छातीचा पत्रा डावीकडे आत जातोय. उजवीपेक्षा निदान सेंटिमीटरभर. लिहिलं — डावी बाजू सममितीत नाही, साचा तपासा.

तासाभरात उत्तर.

"साचा बरोबर आहे. मीच सममितीत नाही. डावीकडे ऑपरेशन झालंय, पत्र्याला टेकायला तिथे आता काही नाही. आतून फोम लावते. किती जाडीचा लावू?"

बारा मिलिमीटर, असं कळवलं. बाहेरून दिसता कामा नये.

२४ जानेवारी

आणखी काही लिहायला हवं होतं का? तपासणीच्या फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

२ फेब्रुवारी

माझ्या चिलखताचा गुडघा चिरला होता, तो चिकटवला. नऊ वर्षं झाली त्याला. दातांचे डॉक्टर येऊन बसले होते — मंडळात दुसरे तपासणारे तेच. कवळ्यांचं सामान वापरून हेल्मेटच्या चिरा इतक्या बेमालूम बुजवतात की कुठे होत्या ते सांगता येत नाही. म्हणाले, "काय, तुमची टाचणी काय म्हणते?" तुमची! बरेच दिवस काही आलं नाही, म्हटलं. दहा दिवस. तेही मी मोजलेत, हे लक्षात आलं.

६ फेब्रुवारी

आज व्हिडिओ आला. शेवटची पायरी. उमेदवाराने पूर्ण चिलखतात वीस पावलं चालायचं, वळायचं, परत यायचं. मांड्यांचे पत्रे एकमेकांवर घासतात का ते आम्ही बघतो.

पहिल्यांदा पत्रेच पाहिले. घासत नाहीत. मग पुन्हा लावला. उजवं पाऊल बाहेर पडतंय. दर वेळी तितकंच. हेल्मेटमध्ये चेहरा नाही, हातमोज्यात हात नाहीत. नुसती चाल.

ते पाऊल मी मोडलेलं आहे. मी तेरा वर्षांचा होतो, ती नऊ. सायकलवर डबलसीट, उतारावर. ब्रेक लागतील असं मीच म्हणालो होतो. दीड महिना प्लास्टर होतं.

धाकटी आहे ती. माझी बहीण.

सातव्यांदा पाहून व्हिडिओ बंद केला. अंगणात आम्ही तो पिक्चर खेळायचो. मी नायक. पहारेकरी तीच, कारण पहारेकऱ्याला नुसतं उभं राहायचं असतं आणि मार खायचा असतो. डोक्यावर बादली. आतून ओरडायची — दादा, काही दिसत नाहीये!

७ फेब्रुवारी

ऑफिसला गेलो.

८ फेब्रुवारी

हिला सांगितलं. ऑपरेशनचंही. तिच्या हातातला कपडा तसाच राहिला. "कधी झालं?" माहीत नाही. "कुठे झालं?" माहीत नाही. "सोबत कोण होतं तिच्या?"

आम्ही सहा वर्षं बोललेलो नाही. आई हॉस्पिटलात होती तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी हात टेकले होते. धाकटी म्हणाली, घरी नेऊ, तिला तिची खिडकी हवीय. मी म्हणालो, घरी ऑक्सिजन नाही, डॉक्टर सोडायला तयार नाहीत, नियमात बसत नाही. पाच दिवसांनी आई गेली, भेटण्याची वेळ संपल्यावर. आम्ही दोघंही बाहेरच्या बाकावर. तेव्हा धाकटी म्हणाली, "तू माणूस आहेस की वजनकाटा?" माझं बरोबरच होतं, असं मला वाटत होतं. ऑक्सिजनचं अजूनही वाटतं. खिडकीचं सांगता येत नाही.

"फोन कर," ही म्हणाली.

काय म्हणून करू? सहा वर्षांत एक फोन नाही, आणि आता फोमच्या जाडीवरून?

११ फेब्रुवारी

टाचणीची फाइल दातांच्या डॉक्टरांकडे दिली. नात्यातली आहे, मी तपासणं बरोबर नाही. त्यांनी सगळे फोटो बघितले, व्हिडिओ बघितला.

"यात नाकारण्यासारखं काय आहे?"

"काही नाही."

"मग अडलंय कुठे?"

पाऊल बाहेर पडतं, म्हणालो. डॉक्टरांनी चष्मा काढला. "आपण पत्रे तपासतो हो. पाय नाही."

मंजूर. सही त्यांची.

२२ फेब्रुवारी

वाचनालयाचा कार्यक्रम. मुलांसाठी. आठ जण चिलखतात. दारात दोन पहारेकरी उभे करायचे होते, उंचीला उंची लावून. सचिवांनी मला डावीकडे केलं. उजवीकडे टाचणी.

दोन तास शेजारी उभे. हेल्मेटमधून समोरची चिरीएवढी पट्टी दिसते, बाजूचं काहीच नाही. स्पीकरमधून आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, कुणाचाही ओळखू येत नाही. मुलं येत होती, फोटो काढत होती. एका मुलीने टाचणीच्या गुडघ्यावर टकटक केलं आणि विचारलं, "आत कोणी आहे का?" धाकटी म्हणाली, "आहे, पण अर्धंच." मुलगी खूश होऊन पळाली.

गर्दी ओसरल्यावर ती म्हणाली, "तपासणीवाले तुम्हीच ना? मंडळात तुम्हाला फूटपट्टी म्हणतात, ठाऊक आहे?"

"आहे."

"राग नाही येत?"

"नाही."

मग म्हणाली, "माझा एक भाऊ आहे, तोही असाच."

मी समोर बघत राहिलो. तसं उभं राहण्याचाच नियम आहे.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघंच उरलो. तिची मैत्रीण गाडी आणायला गेली होती. पाठीची बक्कलं एकट्याने सुटत नाहीत, आणि तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. दोनदा प्रयत्न करताना पाहिलं. हातमोजे काढले, मागे जाऊन उभा राहिलो. हेल्मेट काढलं नाही. खालचं बक्कल अडकलं होतं. "श्वास सोड," म्हणालो. तिने सोडला. पत्रा सुटला. आत डावीकडे फोम होता. बारा मिलिमीटर. व्यवस्थित चिकटवलेला, कडा तासलेल्या. त्याच्या आत काळा बनियन, आणि तो तिथे सपाट.

पत्रा खुर्चीवर ठेवला आणि बाहेर आलो. गाडीत बसताना हेल्मेट काढलं. आत सगळं ओलं झालं होतं. घाम धरून.

ही फाटकातच उभी होती. "बोललास?"

"बक्कल सोडून दिलं."

तिने कपाळाला हात लावला. "अरे देवा! बक्कल!"

२३ फेब्रुवारी

'श्वास सोडा' म्हणायला हवं होतं. मंडळात मी सगळ्यांना अहो-जाहो करतो. एकशे बारा जणांना केलंय. कालच कसं सुटलं?

तिला कळलं असेल का? स्पीकरमध्ये आवाज बदलतो. शब्द बदलत नाहीत.

२५ फेब्रुवारी

काही नाही. एकोणीस काटे, सगळे बरोबर.

२६ फेब्रुवारी

फोन हातात घेतला. नंबर अजून पाठ आहे. ठेवून दिला. सोळा नवे अर्ज आलेत, एकही उघडला नाही. डॉक्टर म्हणाले, सुट्टी घ्या. कशातून?

१ मार्च

टाचणीचा निरोप आला. सोबत फोटो नाही.

"दादा, सोमवारी दाखल व्हायचंय. या खेपेला उजवी बाजू. फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागते. येशील?"

'येतो' असं लिहिलं. मग ते खोडलं, आणि फोन लावला.